सी गेला तरी डी राहतो

सोमवारी सकाळी पावणेआठला तात्यांचा फोन आला. मी हिंजवडीची बस पकडायच्या गडबडीत, एका पायात मोजा, एक पाय उघडा.

"आरं, तुज्या त्या लिनक्सनं तोंड काळं केलंय बघ."

मला वाटलं चिडलेत. तर ते शब्दशः सांगत होते. स्क्रीन काळी आणि तिच्यावर पांढरी अक्षरं. म्हटलं, फोटो काढून पाठवा. पाठवला. त्यात एक डिस्क सापडत नाही म्हणून दीड मिनिट वाट पाहिल्याची ओळ, खाली इमर्जन्सी मोड, आणि सगळ्यात शेवटी 'रूट खातं कुलूपबंद आहे, एंटर दाबा' अशा अर्थाचं एक वाक्य. तात्यांनी एंटर दाबलं होतं. अकरा वेळा. दर वेळी तेच वाक्य परत.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कामशेतला उतरून नाणे मावळात आत गेलं की आमचं गाव. भातशेती, दोन म्हशी, आणि आजोबांच्या जमिनीचं अजून न संपलेलं वाटप. त्या दिवशी वडगावला सुनावणी होती. वाटपाचे सगळे कागद, जुने फेरफार, मोजणीचे नकाशे तात्यांनी स्कॅन करून लॅपटॉपवर ठेवलेले. आदल्या रात्री बसून त्यांनी सगळ्या सहहिस्सेदारांची यादी टाइप केली होती. सकाळी प्रिंट काढायची, आणि साडेनऊला निघायचं.

त्या लॅपटॉपवर लिनक्स मीच टाकलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं माझं पाप आहे. आधी कबुली, मग प्रवचन.

तर झालं होतं असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तात्यांचा लॅपटॉप जुना, विंडोज ११ च्या अटींत बसणारा नव्हता. म्हणजे यंत्र धडधाकट, फक्त कागदोपत्री मेलेलं. मावळात अशी माणसंही असतात म्हणा, सरकारी यादीत मयत आणि पारावर बसून चहा पीत असलेली. दिवाळीत गावी गेलो तेव्हा म्हटलं, तात्या, नवा घेऊ नका, मी करून देतो. आतली ५०० जीबीची जुनी डिस्क काढली, २४० जीबीची एसएसडी बसवली, डेबियन टाकलं. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून बाजूला लावून दिली. तिच्यात लग्नाचे फोटो, कीर्तनं आणि चुलतभावाने जमवलेले सिनेमे. कागद मात्र आत, नव्या एसएसडीवर. तात्या खूश. लॅपटॉप खरंच पळायला लागला.

आणि जाता जाता, बाहेरची डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून मी एफएसटॅबमध्ये एक ओळ लिहून आलो.

रविवारी रात्री चुलतभाऊ ती डिस्क उपसून लोणावळ्याला मित्राकडे सिनेमा बघायला घेऊन गेला. बस, एवढंच झालं होतं. सिनेमांची डिस्क घरात नव्हती म्हणून जमिनीचे कागद उघडेनात!

मी फोनवरून प्रयत्न केला. सुरू होताना ग्रबची यादी येईल, तिथे ई दाबा, मग खाली जा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी... बासष्ट वर्षांच्या माणसाला, रेंज येते-जाते अशा फोनवरून, स्लॅश आणि बॅकस्लॅशमधला फरक सांगून बघा एकदा. वीस मिनिटांनी ते शांतपणे म्हणाले, "राहू दे. तू हापिसात जा." आणि जुन्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन निघून गेले. यादी नाही, पुढची तारीख.

ते "राहू दे" मला अजून टोचतंय.

आता मुद्द्यावर येतो. लिनक्स इन्स्टॉल करताना पार्टिशनची जी पायरी येते ना, ती आपण सगळे 'कटकट' म्हणून पुढे ढकलतो. सोपा पर्याय निवडायचा, नेक्स्ट दाबायचं, वॉलपेपर कुठला लावायचा यावर मात्र अर्धा तास घालवायचा. माझं मत नेमकं उलटं आहे. अख्ख्या इन्स्टॉलेशनमध्ये तीच एक पायरी अशी आहे जिथे या माणसाचं काय टिकणार आणि काय जाणार हे ठरतं. आणि लिनक्स दुसऱ्यासाठी टाकत असाल, म्हणजे आईसाठी, काकांसाठी, गावच्या वाचनालयासाठी, तर ती पायरी नीट करणं हे तुमचंच काम. बाकीचं पुढे कोणीही करेल.

हे ज्ञान मला डेबियनच्या पुस्तकातून मिळालेलं नाही. ते तळेगावच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून मिळालंय.

तुमच्याही लहानपणी असा एक असेलच. असेंबल्ड पीसी बांधून देणारा, मोटरसायलीवरून येणारा, खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि पिशवीत एक्सपीची सीडी. पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला, मशीन स्लो झालं, काहीही झालं की याचा उपाय एकच: फॉरमॅट. पण फॉरमॅट करण्याआधी तो न चुकता दोन प्रश्न विचारायचा. "डेस्कटॉपवर काही आहे का?" आणि "बाकी सगळं डीमध्ये टाकलंय ना?" हो म्हटलं की निर्धास्तपणे सी उडवायचा. तासाभरात कोरं करकरीत विंडोज, आणि डी उघडला की सगळं जागच्या जागी. सी गेला तरी डी राहतो, हे त्याचं वाक्य. ८० जीबीच्या डिस्कचे तो तीन भाग करायचा: सी विंडोजला, डी कामाला, ई गाण्यांना.

त्याला पहिला प्रश्न का विचारावा लागे? कारण डेस्कटॉप दिसतो डोळ्यासमोर, पण असतो सीमध्ये. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. कधीतरी कोणाची तरी फाइल गेली असणार, आणि कोणीतरी बोललं असणार.

विचार करा, विंडोजने स्वतःहून हा डी कधी मागितला नव्हता. ब्रँडेड मशीन बहुतेक वेळा एकाच मोठ्या सीसकट यायचं. ही वाटणी आपल्याकडच्या कॉम्प्युटरवाल्यांनी रुजवली, आणि दोन पिढ्यांना सवय लावली की डी म्हणजे तिजोरी. माझ्या आईच्या दृष्टीने डी हा डिस्कचा भाग नाहीच, वेगळी वस्तू आहे. सी फ्रिज असेल तर डी कपाट.

आणि मग आपण येतो, इंजिनिअर लोक, हातात लिनक्सची पेन ड्राइव्ह घेऊन.

२०१७ साली मी सेकंड इयरला होतो. नुकतं लिनक्स चढलेलं, दिसेल त्याच्या मशीनवर टाकायची खाज. लोणावळ्याच्या आत्याचा डेस्कटॉप माझ्या तावडीत सापडला. तिला विचारलं, "काही महत्त्वाचं आहे का गं?" ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "सगळं डीमध्ये आहे, तू कर." मी इन्स्टॉलरमध्ये 'डिस्क पुसा आणि इन्स्टॉल करा' निवडलं. डिस्क म्हणजे अख्खी डिस्क. इन्स्टॉलर खोटं बोलत नव्हता. आत्याही खोटं बोलत नव्हती. दोघांच्या मधला दुभाष्या मी होतो, आणि मला दोन्ही भाषा येत नव्हत्या.

डीमध्ये आजोबांचं रेकॉर्डिंग होतं. जात्यावरच्या ओव्या आजीकडून ऐकलेल्या, त्या ते शेवटच्या आजारपणात गुणगुणायचे. आत्याने मोबाइलवर टिपून ठेवल्या होत्या.

इथे जरा तंत्रात शिरतो, कारण यातलं एक अर्धवट ज्ञान तेव्हा मला आशा दाखवत होतं. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा. जमीन नव्हे, जमिनीची नोंद. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमधले फक्त ६४ बाइट या नोंदीला असतात: प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी. कुठला गट कुठून सुरू आणि केवढा, बस. म्हणूनच त्या पद्धतीत चारच प्रायमरी पार्टिशन. नव्या जीपीटीत साधारण १२८ नोंदींची जागा असते, आणि नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. सातबारा फाटला म्हणून शेत नांगरलं जात नाही. तसंच नुसतं टेबल पुसलं तर आतला मजकूर जागेवरच असतो, आणि टेस्टडिस्कसारखं साधन जुने बांध शोधून नोंद परत उभी करू शकतं.

पण मी नुसता सातबारा फाडून थांबलो नव्हतो. इन्स्टॉलरने तिथे नवी फाइल सिस्टिम आखली, वर काही जीबीच्या फाइली आणून टाकल्या. म्हणजे नांगरून, चिखलणी करून, वर लावणीसुद्धा झालेली. फोटोरेक दोन रात्री चालवलं. काही हजार फोटो परत आले, नावं गेलेली, एफ आणि पुढे आकडे. आजोबांचं रेकॉर्डिंग आलं नाही. आत्या काही बोलली नाही. पुढे दोन वर्षं मी लोणावळ्याला गेलो की ती चिक्की द्यायची, जेवायला वाढायची, आणि कॉम्प्युटरच्या खोलीचं दार ओढून घ्यायची.

तर, डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये आजही पार्टिशनच्या पायरीवर पहिला पर्याय असतो 'सगळ्या फाइली एकाच पार्टिशनमध्ये', आणि त्याच्यापुढे कंसात लिहिलेलं असतं की नव्या वापरकर्त्यांसाठी हाच बरा. त्याच्या खालीच '/होम वेगळं' हा पर्याय असतो. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये स्वतःच्या हाताने आखणी करायच्या पर्यायाचं नावच होतं 'समथिंग एल्स'. काहीतरी दुसरंच! जणू तुम्ही हॉटेलात मेनूबाहेरचं मागताय.

माझं भांडण त्या कंसाशी आहे. नवा वापरकर्ता म्हणजे कोण? ज्याच्याकडे बॅकअप नाही तो. जो उद्या वैतागून दुसरं डिस्ट्रो टाकणार आहे तो. जो मशीन बिघडलं की मोटरसायकलवाल्याला बोलावणार आहे, आणि तो पुन्हा फॉरमॅट करणार आहे. /होम वेगळं असण्याचा फायदा सगळ्यात जास्त त्यालाच आहे. अनुभवी माणसाचं एका पार्टिशनवरही भागतं. त्याचं सगळं तीन ठिकाणी ठेवलेलं असतं.

शिफारशीमागचं कारण मला कळतं, नाही असं नाही. वाटण्या चुकल्या की रूट २० जीबीत गुदमरतं आणि शेजारी /होममध्ये दीडशे जीबी रिकामे पडतात. बांध मागाहून सरकवणं त्रासाचं, हे मावळच्या माणसाला सांगायची गरज नाही. पण त्यावर उपाय सोपा आहे: रूटला सढळ हाताने द्या. तात्यांच्या २४० जीबीत मी ईएफआयला अर्धा जीबी, रूटला ६०, स्वॅपला ४ आणि उरलेलं सगळं /होमला दिलं. फ्लॅटपॅकची ॲप्स सगळ्यांसाठी टाकली तर ती रूटमध्ये, /व्हारच्या खाली जाऊन बसतात, म्हणून ६०. नाहीतर ३० मध्येही भागलं असतं.

आणि इथेच थांबा. जुन्या गाइडांत /यूएसआर वेगळं, /व्हार वेगळं, /टेम्प वेगळं, /ऑप्ट वेगळं असा अख्खा गाव वसवायला सांगायचे. सर्व्हरवर लॉग भरून मशीन अडकू नये म्हणून /व्हार वेगळं करण्यात अर्थ आहे. घरच्या लॅपटॉपवर नाही. /यूएसआरची गोष्ट तर मजेदार आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये थॉम्प्सन आणि रिची यांच्या युनिक्सची पहिली डिस्क भरली, म्हणून सिस्टिमचा काही भाग दुसऱ्या डिस्कवर, वापरकर्त्यांच्या /यूएसआरमध्ये नेऊन ठेवला. धाकट्याचं लग्न झालं म्हणून मागे काढलेली पडवी, तशातला प्रकार. पण लोकांनी त्या पडवीला शास्त्र बनवलं. शेवटी फेडोराने २०१२ मध्ये, १७ व्या आवृत्तीत, दोन्हीकडच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरांची एकच चूल केली, आणि पुढे डेबियननेही तेच केलं. शेतजमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला. डिस्कलाही एक हवा होता.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर एक वाक्य जास्तीचं: विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर शट डाउन केलेलं विंडोज खरं म्हणजे अर्धवट झोपलेलं असतं, त्याचं पार्टिशन अर्ध्या लिहिलेल्या अवस्थेत असतं, आणि लिनक्स ते उघडायला नकार देतं किंवा फक्त वाचू देतं. मग लोक 'लिनक्समध्ये डीवर काही सेव्हच होत नाही' म्हणून शिव्या घालतात.

आता एफएसटॅब. इथे माझी दुसरी चूक.

पार्टिशन टेबल सातबारा असेल तर /ईटीसी/एफएसटॅब ही पाहुण्यांना कुठल्या खोलीत बसवायचं याची यादी आहे. कुठली डिस्क, झाडाच्या कुठल्या फांदीवर टांगायची, कुठल्या जातीची, कुठल्या अटींवर. एका ओळीत सहा रकाने. त्यातला पाचवा 'डंप' नावाच्या जुन्या बॅकअप प्रोग्रॅमसाठी आहे, तिथे डोळे मिटून शून्य. सहाव्यात तपासणीचा क्रम: रूटला १, बाकीच्यांना २, तपासायचंच नसेल तर ०. पहिल्या रकान्यात एसडीबी१ वगैरे नाव लिहू नका, कारण ती नावं सापडण्याच्या क्रमाने मिळतात. उद्या दुसरी पेन ड्राइव्ह आधी सापडली की एसडीबी ती. त्याऐवजी यूयूआयडी लिहा, तो त्या फाइल सिस्टिमलाच चिकटलेला असतो. 'एलएसबीएलके -एफ' म्हटलं की दिसतो. (कमांड देवनागरीत लिहिल्यात, पण टाइप इंग्रजीत करायच्या. गेल्या वेळी एकाने खरंच विचारलं होतं.)

हे सगळं मी तात्यांकडे बरोबर केलं होतं. यूयूआयडी टाकला होता, माउंट करून बघितलं होतं, फोटो उघडून दाखवले होते. चुकलं ते चौथ्या रकान्यात.

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. कर्जाचा बोजा, कुळाची नोंद, जे काही वांध्याचं असेल ते तिथे. मुंबईहून फार्महाउससाठी प्लॉट बघायला येणारी मंडळी मालकाचं नाव वाचतात, डोंगराचा फोटो काढतात, आणि इतर हक्क वाचत नाहीत. एफएसटॅबचा चौथा रकाना म्हणजे तो. आपण सगळे तिथे 'डीफॉल्ट्स' लिहितो आणि पुढे जातो. आणि त्या एका शब्दात एक अट दडलेली असते: ही डिस्क सुरू होताना हजर पाहिजेच. नसेल तर सिस्टिमडी दीड मिनिट थांबतं, आणि मग अख्खं मशीन इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन टाकतं. डेबियनमध्ये हे २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून असं आहे. त्याआधीची पद्धत सैल होती, डिस्क नसली तर कुरकुरत का होईना मशीन सुरू व्हायचं. त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये या बदलाचा स्पष्ट इशारा आहे. मी तो तात्यांचा फोन येऊन गेल्यावर, बसमध्ये वाचला.

उपाय एका शब्दाचा. डीफॉल्ट्सच्या पुढे स्वल्पविराम आणि 'नोफेल'. म्हणजे असेल तर जोड, नसेल तर पुढे चल. एवढा एक शब्द मी लिहिला असता तर तात्यांची यादी छापून झाली असती.

बरं, मशीन अडकलं तर अडकलं, आत शिरून दुरुस्त तरी करता यावं की नाही? तेही मीच बंद केलेलं. डेबियन टाकताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला तर ते रूट खातं बंद ठेवतं आणि नेहमीच्या वापरकर्त्याला सुडोचा अधिकार देतं. रोजच्या वापराला हे उत्तम. पण इमर्जन्सी मोडला रूटच लागतो. म्हणजे आणीबाणीचा दरवाजा आहे, त्याला कुलूप आहे, आणि किल्ली बनवलेलीच नाही.

लोणावळा लोकलमधून नव्हे, मुंबईच्या गाडीने कधी घाट उतरलात तर खिडकीतून बघा. बोरघाटाचा उतार ३७ ला १. तिथे मुख्य रुळाला फुटून बाजूला चढावर जाणारे, कुठेच न पोचणारे छोटे रूळ दिसतात. कॅच सायडिंग. एखादी गाडी उतारावर आवरेनाशी झाली तर तिला तिकडे वळवायचं, चढावर तिचा वेग मरतो. घाट बांधणाऱ्यांनी 'ब्रेक लागणारच' असं गृहीत धरलेलं नाही. ते रूळ वर्षानुवर्षं गंजत पडले तरी त्यांना कोणी फालतू खर्च म्हणत नाही. लॅपटॉपवर नोफेल आणि रूटचा पासवर्ड या त्याच जातीच्या गोष्टी, आणि त्यांना लागतो एक मिनिट.

ऑफिसात हे सगळं बोललो तर शेजारचा मित्र म्हणाला, हे काय २००५ सालचं रडगाणं आहे, बीटीआरएफएस घे, सबव्हॉल्यूम कर, स्नॅपशॉट घे, जागेची वाटणीच नको. मुद्दा बरोबर आहे. रूट आणि /होम एकाच पार्टिशनमध्ये दोन सबव्हॉल्यूम म्हणून राहतात, मोकळी जागा सामायिक, बांधाचं भांडण नाही. फेडोरा वर्कस्टेशन २०२० पासून तसंच देतं. स्वतःच्या लॅपटॉपवर मीही तेच वापरतो. पण गावातल्या मशीनचा पुढचा डॉक्टर मी नसेन. तो मोटरसायकलवाला असेल, नाहीतर त्याचा पोरगा. त्याला पार्टिशन दिसतं, सबव्हॉल्यूम दिसत नाही. तो स्क्रीनवर एकच मोठा तुकडा बघेल आणि फॉरमॅट करेल. दोन वेगळे तुकडे दिसले तर निदान थबकेल, विचारेल, हे दुसरं काय आहे?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: वेगळं पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे. अगदी मान्य. डिस्कच मेली तर सी आणि डी बरोबर सती जातात. तळेगावच्या कॉम्प्युटरवाल्याने ही एक गोष्ट लोकांना सांगितली नाही, आणि डीवर विश्वासून बसलेल्या कित्येक घरांतले फोटो तसे गेले. पण बॅकअप रोज किंवा आठवड्याला करावा लागतो, करणाऱ्याच्या शिस्तीवर चालतो. पार्टिशन एकदाच आखायचं असतं, आणि आखणारा मी असतो. माझ्या हातातलं तरी मी नीट करावं.

आणखी एक, प्रामाणिकपणे. /होम राखून वर दुसरं डिस्ट्रो टाकलं तर लपलेल्या फोल्डरांतल्या जुन्या सेटिंग्ज कधीकधी नव्याशी भांडतात, पॅनेल वाकडंतिकडं होतं. होऊ दे. पॅनेल दहा मिनिटांत सरळ होतं.

त्या सोमवारनंतरच्या शनिवारी सकाळच्या लोकलने कामशेतला गेलो. डिस्क लोणावळ्याहून परत आली होती, ती लावली की मशीन निमूटपणे सुरू झालं, जणू काही घडलंच नाही. नोफेल लिहिलं. 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवून ओळ तपासली. रूटला पासवर्ड दिला, कागदावर लिहिला, पाकिटात घालून जमिनीच्या मूळ कागदांच्या पेटीत ठेवला. लॅपटॉपच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवली: कुठलं पार्टिशन पुसलं तर चालेल, आणि कुठल्याला हात लावायचा नाही, मराठीत. कागदांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तीही पेटीत टाकली.

मग तात्यांना म्हटलं, झालं, आता चालेल.

तात्या म्हणाले, "दिवाळीतबी हेच म्हणला हुतास." उठले, लॅपटॉप बंद केला, स्वतःच्या हाताने केसिंगची वायर उपसली, डिस्क लुंगीच्या ओच्यात घेतली आणि बटण दाबून समोर उभे राहिले. मी मनात सेकंद मोजत होतो. पंधराव्या-सोळाव्याला पासवर्डची चौकट आली. त्यांनी आत जाऊन ती यादी उघडली, शेवटच्या नावापर्यंत खाली नेली, आणि प्रिंटला दिली.

"दोन प्रती काढ," म्हणाले. "एक तुज्याकडं ठेव."